भूल नेमकी कुठे चढते? जुन्नर-आंबेगावचे बिबटे, काजवे आणि चेतापेशी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वन खात्याचा जुन्नर विभाग होतो. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवर माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे अशी धरणे झाली, धरणांच्या पाण्यामागोमाग ऊस आला आणि माणसाला आत शिरणे अवघड अशा उसाच्या फडांत बिबट्याने आपले घर केले. तारेच्या फासात अडकलेला, वाहनाची धडक बसून जखमी झालेला किंवा भरवस्तीतील एखाद्या गोठ्यात कोंडला गेलेला बिबट्या सोडवायचा असेल, तर बहुतेक वेळा त्याला आधी भूल द्यावी लागते. पुढे त्याच्यावर लांबलचक उपचार करायचे असतील, म्हणजे मोडलेले हाड जुळवायचे, खोल जखम शिवायची किंवा सडलेला दात काढायचा असेल, तर इंजेक्शनची भूल पुरी पडत नाही आणि त्याच्या श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायूबरोबर आयसोफ्लुरेनसारखे भुलीचे औषध वाफेच्या रूपाने द्यावे लागते.

हेच आयसोफ्लुरेन माणसाच्या शस्त्रक्रियेतही वापरले जाते, आणि उंदीर, शेळी, कुत्रा, घोडा अशा नाना प्राण्यांवरही त्याचा परिणाम जवळजवळ सारख्याच मात्रेत होतो. फुप्फुसातील हवेत ते साधारण एक ते दोन टक्के असले, की एवढा बलाढ्य प्राणी कातडीला पाते लागले तरी हालत नाही, आणि ते बंद केले की काही मिनिटांत शुद्धीवर येऊ लागतो. इतक्या थोड्या मात्रेत इतका मोठा बदल घडवून तो पुन्हा पूर्ववत होऊ देणारी ही औषधे चेतापेशींमध्ये नेमके काय करतात, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षे शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचे बरेचसे उत्तर आता हाती आले असून त्याचा सारांश असा, की भूल मेंदूला सरसकट बंद पाडत नाही. ती चेतापेशींवरील काही मोजक्या प्रथिनांना चिकटते, त्यांचे काम थोडेसे वाढवते किंवा थोडेसे घटवते आणि या लहान लहान बदलांची बेरीज होऊन शुद्ध हरपते. भूल सुरक्षित कशी ठेवायची आणि ती देताना आजूबाजूच्यांनी कसे वागायचे, याची उत्तरेही याच समजुतीतून मिळतात.

चेतापेशींचा संवाद

मेंदू, मज्जारज्जू आणि शरीरभर पसरलेल्या चेता यांचे मूळ घटक म्हणजे चेतापेशी. प्रत्येक चेतापेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ आवरण असते, त्याला पेशीपटल म्हणतात. पेशी शांत असताना या पटलाच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते, कारण सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आत आणि बाहेर वेगवेगळ्या प्रमाणात राखलेले असतात. आयनांना स्निग्ध पटलातून थेट जाता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांचे बारीक मार्ग असतात आणि ते मार्ग उघडता किंवा मिटता येतात. कुकडीच्या कालव्यावर रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही: पाण्याचा दाब पाटात कायम असतो, पण कोणत्या वाफ्यात किती पाणी जाईल हे कोणते दार किती वेळ उघडे राहते यावर ठरते. चेतापेशीतही आयनांचा दाब कायम असतो आणि संदेश पुढे जाणार की नाही, हे आयनमार्गांच्या उघडझापीवर ठरते.

पेशीला पुरेसे उत्तेजन मिळाले की सोडियमचे मार्ग झपाट्याने उघडतात, धनभारित सोडियम आत घुसतो आणि क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडून मूळ स्थिती परत येते. साधारण एका मिलिसेकंदाची ही विद्युत उसळी म्हणजे चेतावेग. तो पेशीच्या लांब शेपटीवरून टोकापर्यंत धावतो. मात्र तिथे पुढच्या पेशीपासून त्याला एक फट वेगळे करते. ही फट मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते आणि दोन पेशींच्या या जोडाला चेतासंधी म्हणतात. बहुतेक चेतासंधींवर वीज ही फट ओलांडत नाही. चेतावेग टोकाशी पोचला की तिथले कॅल्शियमचे मार्ग उघडतात, आत आलेल्या कॅल्शियममुळे टोकातील सूक्ष्म पिशव्या पटलाशी एकरूप होऊन फुटतात आणि त्यांतील रसायन फटीत सांडते. संदेश पोचवणाऱ्या या रसायनाला चेतापारेषक म्हणतात. पलीकडच्या पेशीवर ते ओळखणारी प्रथिने असतात, ती म्हणजे ग्राही. पारेषक ग्राहीला चिकटला की ग्राहीतील आयनमार्ग उघडतो आणि पलीकडची पेशी उत्तेजित होते किंवा शांत होते.

मेंदूतील सर्वांत महत्त्वाचा उत्तेजक पारेषक ग्लुटामेट हा आहे, आणि शांत करणारा प्रमुख पारेषक गाबा. मज्जारज्जूत गाबाच्या जोडीला ग्लायसीन हाही शांत करणारा पारेषक असतो. जागेपण, स्मृती, वेदना, हालचाल ही सारी कार्ये उत्तेजन आणि शमन यांच्या सततच्या तोलावर चालतात, आणि भूल हात घालते ती या तोलातच.

तेलापासून प्रथिनापर्यंत

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या वाफेने भूल देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यातही ईथर वापरले गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले, आणि त्याच्या सुरक्षिततेबद्दलचा वाद पेटला तेव्हा १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत नेमलेल्या दोन क्लोरोफॉर्म आयोगांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. औषधे बदलत गेली, परंतु त्यांच्यातील एका गोष्टीने सर्वांनाच कोड्यात टाकले: ईथर, क्लोरोफॉर्म, नायट्रस ऑक्साइड यांच्या रासायनिक रचनेत काही म्हणता काही साम्य नव्हते, तरी परिणाम मात्र एकच होता.

१८९९ मध्ये जर्मनीत हान्स मायर यांनी आणि १९०१ मध्ये चार्ल्स ओव्हर्टन यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले, की भुलीचे औषध ऑलिव्हच्या तेलात जितके जास्त विरघळते तितके ते जास्त प्रभावी असते. पेशीपटल स्निग्ध पदार्थाचे असल्याने, औषध पटलात विरघळून त्याला फुगवते किंवा सैल करते आणि त्यामुळे चेतापेशीचे काम मंदावते, अशी उपपत्ती त्यातून पुढे आली आणि ती पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली. तिच्यातली अडचण अशी होती, की शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या मात्रेने पटलात होणारा बदल अत्यंत किरकोळ असतो. शरीराचे तापमान एखाद्या अंशाने वाढले तरी तेवढा बदल होतो, आणि ताप आला म्हणून कोणाला भूल चढत नाही.

या उपपत्तीला निर्णायक धक्का बसला तो काजव्यामुळे. आंबेगाव तालुक्यातील आहुपे आणि भीमाशंकरच्या रानात वळवाचे पाऊस सुरू होऊन मृग लागेपर्यंतच्या दिवसांत हिरडा-जांभळाची झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजव्याच्या पोटाखालच्या पेशींत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या प्रथिनाच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि त्यातून थंड, हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर पडतो. लंडनमधील निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये काजव्याचे हे प्रथिन शुद्ध स्वरूपात घेऊन, आसपास स्निग्ध पदार्थाचा लवलेशही नसताना, त्यावर भुलीची निरनिराळी औषधे वापरून पाहिली. प्रकाश मंदावला. शिवाय ज्या औषधाची थोडी मात्रा प्राण्याला भूल देण्यास पुरते त्याची थोडीच मात्रा हा प्रकाश मंदावण्यास पुरली, आणि ज्याची अधिक लागते त्याची इथेही अधिकच लागली. ही औषधे ल्युसिफेरिनची प्रथिनावरील जागा अडवून बसत होती. काजव्याच्या प्रकाशाचा माणसाच्या शुद्धीशी काही संबंध नाही. परंतु मायर-ओव्हर्टन यांचा नियम पटलाशिवाय, निव्वळ प्रथिनातील एखाद्या तेलकट खोबणीनेही पाळला जाऊ शकतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

याच दोघांनी १९९१ मध्ये आणखी एक पुरावा दिला. आयसोफ्लुरेनचे रेणू दोन प्रकारचे असतात. उजव्या आणि डाव्या हाताप्रमाणे ते एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात. स्निग्ध पटलात दोन्ही सारखेच विरघळतात, तेव्हा पटल हेच भुलीचे ठिकाण असते तर दोघांचा परिणाम सारखा व्हायला हवा होता. गोड्या पाण्यातील गोगलगायीच्या चेतापेशींवर प्रयोग केल्यावर मात्र एक रूप दुसऱ्याहून अधिक प्रभावी ठरले. डावे-उजवे ओळखणे हे आकार असलेल्या खोबणीचे, म्हणजे प्रथिनाचे, लक्षण आहे.

कोणती दारे, किती उघडी

चेतापेशीवरील हजारो प्रकारच्या प्रथिनांपैकी भूल कोणाला गाठते, याचा शोध त्यानंतर वेगाने सुरू झाला. पहिले ठळक नाव गाबाच्या ग्राहीचे आहे. पाच प्रथिन-तुकडे वर्तुळात उभे राहून मध्ये क्लोराइडचा मार्ग तयार करतात, अशी त्याची रचना असते. गाबा चिकटला की मार्ग उघडतो, ऋणभारित क्लोराइड आत जातो आणि पेशी उत्तेजित होणे कठीण बनते. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, हॅलोथेन ही औषधे या ग्राहीला चिकटली की तोच गाबा अधिक काळ परिणाम करतो आणि मार्ग मिटायला उशीर लागतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की गाबा आणि ग्लायसीन यांच्या ग्राहींमधील केवळ दोन अमिनो आम्ले बदलली, तर या वाफांचा आणि मद्यार्काचा त्यांच्यावरील हा परिणाम नाहीसा होतो. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतील दोन दुवे बदलल्याने औषध निष्प्रभ व्हावे, यावरून त्याचे ठिकाण किती नेमके आहे ते कळते. पुढे २०११ मध्ये याच कुळातील एका जीवाणूच्या आयनमार्गात डेसफ्लुरेन या भुलीच्या औषधाचा रेणू खोबणीत बसलेला क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहता आला.

दुसरे ठिकाण म्हणजे पोटॅशियमचे असे मार्ग, जे पेशी शांत असतानाही थोडे झिरपत राहतात आणि तिला शांत ठेवतात. ट्रेक आणि टास्क या नावांनी ओळखले जाणारे हे मार्ग भुलीच्या वाफेने अधिक उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो, पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते आणि तिला जागे करण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त उत्तेजन लागते. जनुकीय बदल करून ज्या उंदरांमधील ट्रेक-१ हा मार्ग काढून टाकला होता, त्यांना भूल देण्यासाठी वाफेची मात्रा वाढवावी लागली, असे २००४ मध्ये दिसून आले. तरीही त्यांना भूल चढलीच, म्हणजे एकच मार्ग सगळ्याला कारण नाही, हेही त्याच प्रयोगाने दाखवले.

तिसरा परिणाम संदेश पाठवणाऱ्या टोकावर होतो. वाफेमुळे तिथले सोडियमचे मार्ग काहीसे दबतात, चेतावेग क्षीण होऊन टोकाशी येतो, कॅल्शियम कमी शिरते आणि फटीत पारेषक कमी सांडतो. गाबापेक्षा ग्लुटामेटच्या बाबतीत हा परिणाम अधिक होतो, त्यामुळे एकीकडे शमन वाढते आणि दुसरीकडे उत्तेजन घटते. चौथे ठिकाण ग्लुटामेटच्या ग्राहींपैकी एनएमडीए हा ग्राही. नायट्रस ऑक्साइड आणि झेनॉन हे वायू गाबाकडे फारसे न वळता मुख्यतः यालाच रोखतात, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून भूल देणारे सर्व वायू एकाच वाटेने जातात असे मानणे चुकीचे ठरेल. प्रत्येकाची आपापली ठिकाणे आहेत आणि ती अंशतः एकमेकांशी जुळतात.

प्रत्येक वायूची ताकद मोजण्यासाठी भूलशास्त्रात एक माप वापरतात: कातडीवर छेद घेतला असता निम्मे रुग्ण हालणार नाहीत इतके त्या वायूचे फुप्फुसातील प्रमाण. हॅलोथेनसाठी ते सुमारे ०.७५ टक्के, आयसोफ्लुरेनसाठी १.१५, सेव्होफ्लुरेनसाठी २ आणि डेसफ्लुरेनसाठी ६ टक्क्यांच्या आसपास आहे. नायट्रस ऑक्साइडचे हे माप १०० टक्क्यांहून जास्त भरते, म्हणजेच नेहमीच्या हवेच्या दाबाला तो एकटा पूर्ण भूल देऊ शकत नाही, आणि म्हणूनच तो दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिला जातो. वय वाढत जाते तशी ही गरज दर दशकाला सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांची वाटणी

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण बेशुद्ध असतो, त्याला काही आठवत नाही आणि तो हालत नाही. या तीन गोष्टी वरवर एकच भासल्या, तरी त्या चेतासंस्थेच्या वेगवेगळ्या भागांत घडतात. १९९३ मध्ये शेळ्यांवर केलेल्या एका प्रयोगात आयसोफ्लुरेन फक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात पोचेल अशी व्यवस्था करण्यात आली. एरवी सुमारे १.२ टक्के आयसोफ्लुरेनने शेळी हालायची थांबत असे. ते केवळ मेंदूला दिल्यावर मात्र २.९ टक्क्यांपर्यंत वाढवावे लागले. छेद घेताना शरीर न हालणे हे मुख्यतः मज्जारज्जूवर अवलंबून असते, हा त्याचा अर्थ. तिथे ग्लायसीनच्या ग्राहींचे वाढलेले शमन आणि घटलेले ग्लुटामेट या दोन्हींचा वाटा असतो. स्मृती मात्र मेंदूतच आणि फार कमी मात्रेत पुसली जाते. शुद्ध हरपण्यासाठी त्याहून थोडी अधिक मात्रा लागते, आणि तिच्यामागे मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर यांच्यातील परस्पर देवाणघेवाण खंडित होणे हे कारण असते. मेंदूच्या विद्युत आलेखावर अशा वेळी संथ, मोठ्या लाटा दिसतात. वेगवेगळे भाग आपापल्या जागी काम करत असतात, परंतु त्यांचे एकमेकांशी बोलणे तुटलेले असते.

जंगलातील भूल आणि शस्त्रक्रियागृहातील भूल

मोकळ्या शेतातील बिबट्याच्या तोंडावर मुखवटा धरून वाफ देता येत नाही, म्हणून तिथे डार्टने स्नायूत इंजेक्शन मारावे लागते. डॉ. अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांनी जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात आणीबाणीच्या प्रसंगी भूल दिलेल्या ५५ रानटी बिबट्यांचा अनुभव २०१० मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्यांत झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण वापरले होते, आणि भुलीनंतर निदान महिनाभर तरी जिवावर बेतेल असा दुष्परिणाम नोंदला गेला नाही. हे काम पुष्कळदा आवरता न येणाऱ्या गर्दीत आणि अपुऱ्या साधनांनिशी करावे लागते, हेही त्यांनी नमूद केले आहे.

या दोन औषधांच्या जागा पाहिल्या, की चेतापेशींचे सारे वर्णन प्रत्यक्षात उतरलेले दिसते. केटामिन एनएमडीए ग्राहीच्या उघड्या मार्गात शिरून तो बुजवते. त्यामुळे वेदनेचा आणि परिसराचा बोध तुटतो, पण गाबाच्या वाटेने येणारी शिथिलता येत नाही. म्हणून केटामिनच्या भुलीतील बिबट्याचे डोळे उघडे असतात, स्नायू ताठ राहतात आणि पाहणाऱ्याला तो जागाच आहे असे वाटते. पापण्या मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडू नये म्हणून डोळ्यांत मलम घालतात आणि वर कापड बांधतात. झायलाझिनचे काम निराळे आहे. मेंदूच्या देठात चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हा पारेषक सोडून मेंदूला सावध ठेवतो. झायलाझिन या पेशींवरील ग्राहींना चिकटून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर पडणे रोखते. प्राणी शांत होतो आणि केटामिनने आलेला ताठरपणा सैल पडतो. झायलाझिनला योहिम्बीनसारखे उतारा-औषध आहे. केटामिनला नाही, त्याचा अंमल शरीरातील त्याचे प्रमाण आपोआप घटल्यावरच ओसरतो.

चेतासंदेश कुठे अडवला जातो यावर केवढा फरक पडतो, हे याच भागातील दुसऱ्या एका संकटावरून ध्यानात येते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी ज्याच्या उपचारासाठी आणि प्रशिक्षणासाठी वर्षानुवर्षे काम केले, तो सर्पदंश. मण्याराचे विष चेतेच्या टोकातील पारेषकाच्या पिशव्यांची व्यवस्थाच उद्ध्वस्त करते, आणि नागाचे विष पलीकडच्या स्नायूवरील ग्राही अडवते. दोन्ही आघात चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर होतात, मेंदूवर नाही. त्यामुळे रुग्णाच्या पापण्या मिटतात, बोलणे बंद होते, श्वास थांबू लागतो, पण त्याला सारे ऐकू येत असते. केटामिन दिलेल्या बिबट्याचे डोळे उघडे असून त्याला भान नसते, आणि मण्यार चावलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असून त्याला भान असते. डोळ्यांवरून शुद्धीचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे या दोन उदाहरणांनी लक्षात यावे.

इंजेक्शनच्या तुलनेत श्वसनावाटे दिलेल्या भुलीचा मोठा गुण म्हणजे ती ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते. वाफ फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते, आणि पुरवठा थांबवला की उलट्या दिशेने बाहेर पडते. ग्राहीशी तिचे बंध इतके सैल असतात, की रक्तातील प्रमाण घटताच ती आपण होऊन खोबणीतून सुटते. हॅलोथेनचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडला जात असे आणि त्यातून क्वचित यकृताला गंभीर इजा होई. आयसोफ्लुरेनचा मोडला जाणारा भाग सुमारे ०.२ टक्के इतकाच आहे. शिवाय जे औषध रक्तात कमी विरघळते त्याची भूल लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणूनच डेसफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन दिलेले रुग्ण पूर्वीच्या ईथरच्या रुग्णांपेक्षा कितीतरी लवकर शुद्धीवर येतात. रुग्ण माणूस असो की बिबट्या, शस्त्रक्रियागृहातील भूलतज्ज्ञ एका चकतीने वाफेचे प्रमाण क्षणाक्षणाला कमी-जास्त करू शकतो, आणि शरीरात शिरलेल्या इंजेक्शनच्या बाबतीत ही सोय नसते.

या गुणांबरोबर धोकेही येतात. ज्या आयनमार्गांवर भूल परिणाम करते, त्यांचे जवळचे नातलग हृदयात, रक्तवाहिन्यांत आणि श्वसनाच्या केंद्रातही असतात. म्हणून रक्तदाब घसरतो, श्वास उथळ होतो आणि शरीराचे तापमान उतरते. काही थोड्या व्यक्तींच्या स्नायूंतील कॅल्शियम सोडणारे प्रथिन जन्मतः सदोष असते. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन यांसारख्या वाफेने त्यांच्या स्नायूंत कॅल्शियमचा पूर येतो, स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने वाढतो. हा दोष कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि वेळीच ओळखला तर त्यावर डँट्रोलिन हे औषध आहे. भूल चढवण्यापेक्षा ती चढलेली असताना नाडी, श्वास, प्राणवायू आणि तापमान यांच्यावर अखंड नजर ठेवणे हेच भूलतज्ज्ञाचे खरे काम असते, ते यामुळेच.

ज्ञानाचा उपयोग

चेतापेशींचे हे शास्त्र जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला दोन प्रसंगी उपयोगी पडते. पहिला प्रसंग रुग्णालयातील. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ जे प्रश्न विचारतात, म्हणजे मद्याची सवय आहे का, कोणती औषधे चालू आहेत, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, पोट रिकामे आहे का, त्यांची खरी उत्तरे द्यावीत. दीर्घकाळच्या मद्यपानाने गाबाचे ग्राही बदललेले असतात आणि मात्रा बदलावी लागते. नात्यातील कोणाला भुलीखाली अचानक ताप चढला असेल तर आयसोफ्लुरेनसारख्या वाफा टाळाव्या लागतात. आणि भुलीत घशाचे संरक्षक प्रतिक्षेप दबत असल्याने पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. यातले काहीही लपवणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळणे होय.

दुसरा प्रसंग शिवारातील. डार्ट लागल्यानंतर बिबट्या शांत व्हायला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि झायलाझिन ज्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला आवर घालू पाहते तेच, भेदरलेल्या प्राण्याच्या शरीरात, आरडाओरड्याने, दगडांनी आणि पाठलागाने उसळत असते. म्हणजे गर्दीचा प्रत्येक कल्ला औषधाच्या विरुद्ध दिशेने काम करतो: भूल चढायला उशीर होतो, मात्रा वाढवावी लागते, अर्धवट गुंगीतला प्राणी अंगावर येण्याची शक्यता वाढते आणि त्याच्या हृदयावरचा ताणही वाढतो. म्हणून वन खात्याचे पथक बिबट्याला भूल देत असेल तेव्हा गावकऱ्यांनी लांब थांबावे, आवाज करू नये, मोबाइलवर चित्रण करण्यासाठी पुढे सरसावू नये आणि बिबट्या निपचित दिसला तरी पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय त्याच्याजवळ जाऊ नये. ती दहा-पंधरा मिनिटे गावाने शांत राहणे हा भुलीच्या उपचाराचाच भाग आहे, आणि त्याने माणसाचा जीव वाचतो तसाच बिबट्याचाही वाचतो.